सुदामकाकांची आडवी गिटार

आमच्या शेजारचे सुदामकाका गिटार मांडीवर उताणी ठेवून वाजवतात. डाव्या हातात ट्रॅक्टरच्या इंजिनातली एक गुळगुळीत लोखंडी पिन धरतात आणि ती तारांवरून सरकवतात. आमच्या रिसोडच्या गल्लीतल्या बायका विचारतात, "गिटार वाजवून राह्यले का लेकराले तेल लावून राह्यले?"

काका शांतपणे सांगतात, "दोन्ही सारखंच हाये. घाई केली का रडते."

आयुष्यभर ते ऑर्केस्ट्रा पार्टीबरोबर फिरले. लग्नं, जयंत्या, उरूस, पोहरादेवीची यात्रा. एसटीत गिटारला खिडकीची जागा, स्वतः उभे. कंडक्टरनं हटकलं की म्हणायचे, "तिले गाडी लागते, साहेब." नाचाच्या गाण्यातही मध्येच एक सूर असा लांबवायचे की नाचणारी पोरं थांबून त्यांच्याकडे बघत राहायची. पार्टीचा मालक वैतागायचा. "सुदाम, लग्न हाये. तेरवी नाई."

माझ्याशी त्यांचं जमतं, कारण मी फारशी बोलत नाही. "इंग्रजी शाळेत तुले बोलायलेच शिकवलं नाई," ते म्हणतात. "बरं झालं. आयकनारं मानूस पाह्यजे."

काकूंनी मात्र त्यांचा एकही प्रोग्राम पाहिलेला नाही. घरी म्हैस होती, सासू अंथरुणाला खिळलेली. दर वेळी निघताना काका म्हणायचे, "पुढच्या खेपेले तुले नेतो." काकू डबा हातात देत म्हणायच्या, "पह्यले गिटारले जागा भेटू द्या." पुढे म्हैस विकली, सासू गेली. आता नेऊ म्हणेपर्यंत काकूंचे कान गेले. कानाचं मशीन आणलं, त्यात नुसती खरखर. ते आता पिठाच्या डब्यावर पडलेलं असतं.

यंदा केनवडहून ऑर्केस्ट्रा पार्टीचा नवा मालक स्वतः आला.

"काका, यात्रेतला प्रोग्राम घेतला. तुमच्याबिगर कसा होईन?"

"मी नाई येत."

"काहून?"

"घरी प्रोग्राम हाये."

तो हसला. काकांची बोटं थकली, असं त्यानं गल्लीत सांगितलं.

परवा संध्याकाळी मी विरजण मागायला गेले. काकू खाटेवर बसल्या होत्या आणि काका त्यांना अगदी खेटून. गिटार दोघांच्या मांड्यांवर आडवी. काकूंचे दोन्ही तळवे लाकडावर टेकलेले. काकांनी सर्वांत जाड तार छेडली, सूर सावकाश वर चढवत नेला आणि काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले. मी दारातच थांबले.

काकूंनी डोळे मिटले. काकांनी पुन्हा तीच तार छेडली, मग पुन्हा. मालकाच्या धाकानं आजवर कधी लांबवला नसेल इतका त्यांनी तो सूर लांबवला.

"हळू," काकू एकदम मोठ्यानं म्हणाल्या. "हाताले गुदगुल्या होऊन राह्यल्या."

"मंग सूर बरोबर लागला," काका म्हणाले, काकूंना ऐकू येत नाही हे विसरून.