पोटातलं कारण

आमच्या आळीत रेडिओ एकच होता, आणि तो ज्यांच्या घरात होता ते काशिनाथकाका ठार बहिरे होते.

रोज संध्याकाळी काका रेडिओ उचलून ओट्यावर आणत, बटण फिरवत आणि त्याच्या लाकडी माथ्यावर उजवा पंजा टेकून बसत. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर आपण हात ठेवतो, तसे. रेडिओ कोणीही ऐकावा, त्याला मनाई नव्हती. अट एकच होती. बसण्याआधी काकांसमोर उजेडात उभं राहायचं आणि आपण का ऐकतो आहोत ते सांगायचं. काका ओठांवरून बोलणं ओळखत. कुठलं गाणं लागलं आहे, हे मात्र त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. कोणी आपणहून सांगू लागलं तर हात झटकून म्हणत, "गाना कोन्ता ते नको मला. कारन सांग."

मी त्यांच्या मागच्या पडवीत भाड्याने राहत होतो. तेव्हाचं बोईसर म्हणजे स्टेशन, थोडी दुकानं आणि सभोवार भाताची खाचरं. तारापूरकडे प्रकल्पाचं मोठं काम चालू झालं होतं, त्यामुळे कुठून कुठून माणसं येऊन भाड्याच्या खोल्यांतून भरली होती. मी डोंगराकडच्या गावातला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. सकाळच्या गाडीने पालघरला जायचो आणि दुपारी परत यायचो. काकांबद्दल लिहायला मी योग्य माणूस आहे की नाही, ठाऊक नाही. पण आळीतल्या दुसऱ्या कोणी लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो.

तरुणपणी काका दगडखाणीवर सुरुंग लावायचे. एक सुरुंग वेळेआधी उडाला. जोडीदार जागीच गेला. "माझे नुसते कान गेले," असं काका सांगत, आणि 'नुसते' हा शब्द इतक्या मोठ्याने म्हणत की समोरच्या कौलांवरचा कावळा उडे. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने त्यांना हळू बोलणं जमतच नव्हतं. खरी अडचण इथेच होती. आपण त्यांना जे कारण पुटपुटत सांगावं, ते बरोबर ओळखलं ना, याची खात्री करायला काका ते पुन्हा म्हणून दाखवत. साऱ्या आळीला ऐकू जाईल असं.

शाळेतले एक मास्तर होते. त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं की संगीताने मन सुसंस्कृत होतं. काका त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा ओठावरचा कारन झाला. पोटातला सांगा."

मास्तर रागावून गेले. आठवडाभराने आले, आणि मान खाली घालून काहीतरी बोलले. काकांनी त्यांची हनुवटी धरून तोंड वर केलं, पुन्हा बोलायला लावलं, आणि मग गरजले, "म्हंजे घरात आईचा नि बायकोचा भांडान चालू असतो, म्हनून इथं येता! बसा, बसा."

मास्तरांचं घर तिथून चौथंच होतं; घरात ऐकू गेलंच असणार. त्या संध्याकाळी मास्तर रेडिओ संपल्यावरही बराच वेळ ओट्यावर बसून होते.

प्रकल्पावर ट्रक चालवणारा एक उत्तरेकडचा माणूस यायचा. त्याची हिंदी काकांना ओठांवरून कळेना. तो म्हणायचा, "ऐसे ही, काका," आणि काका मान हलवायचे. शेवटी एकदा त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि रूळ जिकडे जातात तिकडे, लांब, बोट दाखवलं. काकांनी त्याला स्वतःच्या शेजारी जागा दिली. तोवर हे एकच कारण त्यांनी मोठ्याने म्हटलं नाही, कारण त्यात म्हणण्यासारखे शब्दच नव्हते.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, ज्ञानात भर पडावी म्हणून. काका हसलेसुद्धा नाहीत. मग खरं सांगितलं. कॉलेजात मुलं सकाळी भेटली की काल काय ऐकलं, ते का आवडलं, असं एकमेकांना सांगतात. मला विचारलं की मी नुसता हसतो. मलाही काहीतरी सांगता यायला हवं होतं. काकांनी ते आळीभर केलं. पुढे कित्येक दिवस मासे विकायला निघालेली मंजुळाबाई टोपली डोक्यावर चढवता चढवता मला विचारायची, "काय रे कालेजवाल्या, आज सांगायला काय घेऊन चाललास?"

ही मंजुळाबाई काकांची भिंतीला भिंत लागून शेजारीण. मूळची दातिवऱ्याची. तोंडाने फटकळ, पण काकांच्या घरचा पाण्याचा हंडा तीच भरून ठेवायची. काकांना हे कारणाचं वेड कुठून लागलं, हे मी एकदा तिला विचारलं. टोपली खाली ठेवून ती उंबऱ्यावर बसली.

तिने सांगितलं ते असं. कान गेल्यावर काकांनी बोलणंच टाकलं होतं. मूलबाळ नाही. घरात दिवसचे दिवस शब्द नाही. तेव्हा काकांनीच, घरात कोणीतरी बोलायला हवं म्हणून, यमुनाकाकींसाठी हा बॅटरीवरचा रेडिओ आणला. काकी रोज संध्याकाळी त्यांना समोर बसवायच्या आणि सांगायच्या, आता हे लागलंय, आणि मला हे अमक्यासाठी आवडतं. विहिरीवरच्या मैत्रिणीची आठवण होते म्हणून. तुम्ही मला बघायला आलात तेव्हा सदरा उलटा घातला होतात, ते आठवतं म्हणून. असं बघत बघत काका ओठ ओळखायला शिकले आणि पुन्हा बोलायला लागले.

पुढे काकींना छातीचं दुखणं झालं. अंथरुणाला खिळल्या, तरी हे चालूच होतं. शेवटच्या संध्याकाळीही रेडिओ उशाशी होता. काकी म्हणाल्या, हे मला फार आवडतं, कारण... आणि ओठ थांबले ते थांबलेच.

मंजुळाबाई पदराने टोपलीचा काठ पुसत राहिली. मग म्हणाली, "नि तुला सांगू, तवा तो रेडिवा चालूच नव्हता. चार महिने नुसता खरखरत व्हता. भिंतीपलीकडं मी ऐकत व्हती ना. ती मनाची गानी सांगायची त्यांना."

मी विचारलं, मग दुरुस्त का नाही केला?

"मी बोलली तिला. तर मला शपथ घातली. यांना कळलं तर रेडिव्याचा डबा घेऊन मुंबईला जातील, नि मी इथं एकटीच मरेन, म्हनाली."

काकी गेल्यावर मंजुळाबाईने धीर करून एवढंच सांगितलं होतं, की रेडिओ बिघडलाय. सुतक फिटायच्या आत काका तो खांद्यावर घेऊन मुंबईला गेले आणि दुरुस्त करून आणून ओट्यावर लावला. आमच्याकडे मयत झालं की आळीत कोणी गात नाही, वाजवत नाही. त्यामुळे लोक काय काय बोलले. काकांना ऐकू गेलं नाही, पण ओठ सगळ्यांचे दिसत होतेच.

मंजुळाबाईने हे सांगितलं त्या दिवसापासून मला ओट्यावर बसणं जड झालं. काका आयुष्यभर एका गाण्याचं कारण शोधणार, आणि ते गाणं लागलेलंच नव्हतं, हे मला माहीत होतं. सांगावं तर म्हातारा मोडेल. न सांगावं तर रोज त्यांच्या डोळ्यांसमोर तोंड घेऊन बसायचं, आणि तोंड तर ते वाचत.

थंडीत काका तापाने पडले. ओट्यावर येणं बंद झालं, तेव्हा मी रेडिओ आत त्यांच्या बाजेशी नेऊन ठेवला. संध्याकाळचं कडुसं पडत होतं. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तू शिकलेला हायस. ती 'कारन' म्हनाली नि गेली. काय म्हनाली असती?"

मी दिवा जवळ ओढला, म्हणजे माझे ओठ त्यांना दिसतील. सावकाश म्हणालो, "काका, तेव्हा रेडिओ बिघडलेला होता. गाणं नव्हतं."

मला वाटलं होतं ते रडतील, नाहीतर मला घराबाहेर काढतील. त्यांनी पंजा वर धरून मला दाखवला.

"दगडावर हात ठेवून आख्खा जन्म काढला मी. गाना कवा हाय नि नुसती खरखर कवा, ह्याला कळत नाय? ती पयल्यांदा खोटा बोलली, त्याच दिवशी कळला."

मी विचारलं, मग काकींना का बोलला नाहीत?

"बोललो असतो तर तिनं सांगायचं थांबवलं असतं." त्यांनी मान छताकडे वळवली. "गाने रेडिवातले असतात, ते सगल्यांचे. कारन तिचा सोताचा व्हता. त्यातला एक ऱ्हायला. लोकांचे ऐकतो. म्हटला, एकादा तिच्यासारका निघंल."

काकांनी कुशीवर वळून हात लांब केला आणि रेडिओचा काटा हळूहळू गाण्यावरून सरकवला. खोलीत नुसती खरखर भरली. त्यांनी पंजा माथ्यावर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले.

"आता सांग," म्हणाले. "काय ऐकतोस?"

मी सांगायला लागलो. आवणीच्या दिवसांत माझी आई चिखलात वाकून रोपं लावताना काहीतरी गुणगुणायची. शब्द मला कधी नीट कळले नाहीत. यंदा मी कॉलेजात होतो, आवणीला गेलोच नाही, आणि माझ्या वाट्याची ओळही तिने एकटीने लावली, असं गावचा माणूस सांगत होता. तेच ऐकतो आहे म्हणालो. आणि का, तेही सांगितलं.

काका माझ्या ओठांवरची नजर न काढता शेवटपर्यंत बघत राहिले. मी थांबलो, आणि आता ते गरजणार, उद्या मंजुळाबाई टोपली उचलताना मला विचारणार, म्हणून अंग चोरून बसलो.

काकांनी ते परत म्हटलं नाही. नुसता माझा हात ओढून घेतला आणि रेडिओच्या माथ्यावर, आपल्या पंजाशेजारी ठेवला.