टाचणी दिसली की शिलाई

बाळांनो, डोळे मिटा आणि बघा. शिंप्याच्या दुकानात टेबलावर एक नवाकोरा पडदा पसरलाय. डॉक्टरीणबाई तो पाच वाजता न्यायला येणार आहेत. तसलं कापड आता शिल्लक नाही. बिघडला तर संपलं.

दुकानात आलेली शिंप्याची मेहुणी डासांतून पसरणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करते. तिला भाचीने, म्हणजे चिमणीने, विचारलं, "मावशी, एवढासा विषाणू पेशीत शिरून करतो तरी काय?"

"स्वतःच्या ढीगभर नकला. आणि येतो जवळपास रिकाम्या हाताने, बरं का. त्याची काही प्रथिनं पेशीच्याच आतल्या पडद्याला अशा घड्या पाडतात." मावशीने समोरच्या पडद्याची कड वीतभर वर दुमडली आणि जागोजागी टाचण्या लावल्या. नऊ कप्पे झाले. "आत लपून नकला निघतात. पेशीच्या पहारेकऱ्यांना पत्ताही लागत नाही."

एवढ्यात शेजारून चहाचं बोलावणं आलं. दोघी गेल्या.

चिमणीचे बाबा, म्हणजे शिंपी, जेवून आले. त्यांच्या दुकानाचा एकच नियम, टाचणी दिसली की शिलाई. त्यांनी मान खाली घातली आणि नऊच्या नऊ कप्पे दुहेरी शिलाईने पक्के केले.

"भावोजी, हे काय केलंत?" परत आलेली मावशी ओरडली.

"टाचण्या तुम्हीच लावल्यात ना? मला वाटलं, बाईंनी बदल सांगितला."

चिमणी कप्प्यांकडे बघतच राहिली. "मावशी, मशीन बाबांचं, दोरा बाबांचा, मेहनत बाबांची. टाचणीने नुसतं कुठे ते दाखवलं."

"इतकं नेमकं मलाही कधी सांगता आलं नाही," मावशी म्हणाली. "काय हुशार असतात गं ही प्रथिनं."

"त्यांचा सत्कार नंतर करा," बाबा म्हणाले, "आधी उसवायला बसा."

तिघं उसवायला बसले. बाबांची शिलाई ती, सहजासहजी सुटते थोडीच? सहा कप्पे सुटले आणि दारात डॉक्टरीणबाई उभ्या.

बाईंनी उरलेल्या तिनांपैकी एका कप्प्यात हात घालून पाहिला.

"हे छान सुचलं तुम्हाला. मुलांच्या खोलीत खेळणी ठेवायला जागाच नव्हती. पण तीनच का?"

"नऊ होते," बाबा हळूच म्हणाले. "पण पडदा वीतभर आखूड होतो."

"होऊ दे. लांब असला की मुलं लोंबकळतात. नऊ करा, उद्या नेते."

बाई गेल्या. चिमणीने टाचण्यांची डबी ओढली, उसवलेल्या शिलाईची भोकं बोटाने चाचपली आणि पहिली टाचणी बरोबर तिथेच लावली.