भास्कररावांचे साहेब

भास्करराव सशाला 'साहेब' म्हणत, आणि तेही अहो-जाहो करून. "साहेब काल जेवले नाहीत," असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांसाठी हळहळले होते.

मलकापुरात ते आमच्या शेजारी एकटेच राहत. नोकरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत. त्यांचे जुने प्रोफेसर नागपूरहून माणसाच्या लिव्हरमधलं एक एन्झाइम पाठवत. भास्करराव ते थोडं थोडं घरी ठेवलेल्या सशाला टोचत. मग सशाच्या रक्तात त्या एन्झाइमला हुडकणारं काहीतरी तयार होई. पुढेमागे त्यावरून कावीळ झालेल्याचं लिव्हर किती बिघडलंय ते कळेल, अशी प्रोफेसरांची आशा.

"गावात उपरा आला की कुत्रं वळखते ना, वहिनी? तसं साहेबाईचं रगत वळखते."

साहेबांना मलकापूरची मेथी चालत नसे म्हणे. मग भास्करराव एस.टी.नं धामणगाव बढ्याला जात आणि ओळखीच्या मळ्यातून कोवळा लसूणघास आणत. कानाच्या शिरेतून रक्त काढण्याआधी सशाची परवानगी घेत, नंतर माफी मागत, आणि त्या दिवशी स्वतः उपास धरत.

साहेबांचं रक्त फारच गुणाचं निघालं. प्रोफेसरांनी निरोप धाडला: मी येतो, आता सगळंच काढून घेऊ. म्हणजे ससा संपला. या कामात तशी रीतच आहे, सरांचं काही चुकत नाही, असं भास्करराव माझ्या दारात उभे राहून बराच वेळ सांगत राहिले. मग हळूच म्हणाले, "साहेबाईले आज तुमच्या घरी ठेवता काय?"

मी सशाला चुलीपासून दूर टोपल्याखाली झाकलं आणि प्रोफेसर आल्यावर त्या दोघांसाठी शेजारी चहा घेऊन गेले. भास्कररावांनी सकाळपासून घोकलेलं वाक्य म्हटलं, "सर, साहेब गेले." आणि ते खरोखर रडू लागले, थांबेनात. प्रोफेसर गोंधळले. कप खाली ठेवून त्यांनी भास्कररावांच्या पाठीवर हात ठेवला, दुसरा ससा पाठवतो म्हणाले. भास्कररावांनी मान हलवून नको म्हटलं. संध्याकाळच्या गाडीनं प्रोफेसर परत गेले. त्यानंतर नागपूरहून काम आलं नाही.

मी टोपलं नेऊन दिलं.

"भाऊजी, खोटंच सांगायचं होतं, तर रडलात कशाला?"

त्यांनी ससा मांडीवर घेतला. टोचून टोचून खरबरीत झालेल्या कानावरून बोट फिरवत राहिले.

"तोंडातून निंघालं अन् मले खरंच वाटलं," ते म्हणाले. "मंग घरी येऊन बोलू कोनासंग?"