वारसदाराचं नाव

नांदूरघाटात पत्र्याच्या दोन खोल्या विकायला निघाल्यात हे कळल्यापासून करिष्माचं कशात लक्ष लागत नव्हतं. लग्नाला तीन वर्षं झाली, पण भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायची चोरी. हातोडीचा आवाज झाला की घरमालकीण वत्सलाबाई दारात हजर. रस्त्यानं जाताना करिष्मा लोकांची दारंच बघत चालायची.

तिचं आणि नवऱ्याचं, परमेश्वरचं, दोघांचंही लग्नाआधीपासून पोस्टात खातं होतं. दोन्हींची मुदत भरली होती. पैसे एकत्र केले की खोल्या आपल्या. मात्र खोलीवाल्याकडं आजच संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं.

सकाळीच दोघं पोस्टात गेले. करिष्माचं काम झटक्यात झालं. परमेश्वरच्या फॉर्मवर पोस्टमास्तर तानाजीराव अडले.

"सही जुळंना."

त्यानं दुसऱ्या फॉर्मवर सही केली, मग तिसऱ्या. प्रत्येक सही आधीच्या सहीला ओळख देईना. अंगठा लावला, तर पंक्चर काढून काढून रेषाच झिजलेल्या. यंत्र नुसतं लाल दिवा दाखवी.

"बरं, वारसदार कोन लावलाय, तेवढं सांगा. मग बघू."

परमेश्वरनं करिष्माकडं चोरून बघितलं. "आई... रुक्मिणीबाई."

"न्हाई. दुसऱ्याच बाईचं नाव हाय."

रांगेतल्या माना वळल्या. करिष्माचा आवाज चढला. "कोन हाय ती? बोला की! कावून गप बसले?"

परमेश्वर जमिनीकडं बघत पुटपुटला, "करिष्मा परमेश्वर."

"बरोबर," तानाजीराव म्हणाले. "नातं, पत्नी. खातं काढलं सहा वर्षांपूर्वी."

करिष्मानं बोटं मोजली. "आन् लगीन तीन वर्षांमागं! तवा तर तुमी माझ्याशी बोलत बी नव्हते."

"तू माझ्या दुकानात सायकलीत हवा भरायला येत व्हतीस की."

तानाजीरावांनी चष्मा काढला. "पन हे खोटं लिहिलंय, राव."

"तवा खोटं व्हतं, सायेब. आता खरं हाय."

रांगेत हशा पिकला. तानाजीरावांनी आधार कार्ड बघितलं, रांगेतल्या दोन ओळखीच्या माणसांच्या साक्षीच्या सह्या घेतल्या आणि शिक्का मारला.

बाहेर येऊन दोघं नांदूरघाटच्या जीपची वाट बघत उभे राहिले. करिष्मा नुसती त्याच्या झिजलेल्या अंगठ्याकडं बघत होती. धीर करून परमेश्वरनं विचारलं, "तुझ्या खात्याला वारस कोन व्हतं गं?"

"आई."

"मग नव्या खात्याला माझं नाव लाव की."

करिष्मानं पदर सावरला. "घर तर हुंद्या आधी. मग बघू तुमचं."