उदगीरचा जोड

भुजंगच्या घरी चहाला नको म्हणालो असतो, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी आजवर चहाला कधी नको म्हणालेलो नाही (आणि चहाबरोबर जे येतं त्यालाही नाही, हे माझ्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांवरून कुणालाही कळेल).

मी लातूरच्या एका कॉलेजात हेडक्लार्क. परीक्षेचे कागद घेऊन नांदेडला विद्यापीठात गेलो, तर नेमक्या शेवटच्या पानावर प्राचार्यांची सही घ्यायला मीच विसरलो होतो. आता रिकाम्या हातानं परतायचंच, तर जुन्या मित्राला, भुजंगला भेटून जाऊ म्हटलं. त्याच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि थबकलो. भिंत सोडून चार फूट पुढं, खोलीच्या मधोमध म्हणावं अशी दोन दारं उभी. चौकट नाही, कडी नाही, नुसती दारं.

"सुतार पळून गेला का रे?" मी विचारलं.

"स्पीकर हायेत ते," भुजंग म्हणाला. "रिबनचे. बस इथं, अन् तोंड बंद ठेव."

त्यानं मला एका खुर्चीवर बसवलं आणि कसलंसं बटण दाबलं. खरं सांगतो, कुणीतरी बाई समोर येऊन उभी राहिली. दिसत नव्हती एवढंच. तिनं गाण्याआधी श्वास घेतला, तोही ऐकू आला. तिच्या मागं डाव्या हाताला तंबोरा, उजवीकडं तबलजी, आणि त्या तबलजीनं बसताना मांडी बदलली असावी असासुद्धा मला संशय आला. मी कप खाली ठेवून आधी शर्टाचं वरचं बटण लावलं. बाईमाणसासमोर उघड्या गळ्यानं काय बसायचं!

भुजंगनं मग समजावून सांगितलं. आपल्या साध्या स्पीकरात कागदी कोन हलतो. यात कोनबीन काही नाही. दोन्हीकडं चुंबक आणि मधे वरपासून खालपर्यंत मिठाईवरच्या वर्खाएवढी पातळ धातूची पट्टी. ती थरथरते, तोच आवाज. जोरात शिंकलं तरी पट्टीला इजा होईल, म्हणून सर्दी झालेल्या पाहुण्यांना भुजंग अंगणातूनच वाटेला लावतो म्हणे.

"असे जोड आपल्या भागात सात जणांकडं हायेत," तो अभिमानानं म्हणाला. "आमचा ग्रुप हाय. घेऊ का तुला?"

इथं दुसरी चूक. मी हो म्हणालो.

ग्रुपचं नाव 'रिबनवाले'. त्यात मालक सात आणि माझ्यासारखे नुसते श्रोते अकरा. मालकांनी मतं मांडायची, श्रोत्यांनी नमस्काराचे हात जोडायचे, असा तिथला रिवाज. आणि मतं तरी काय एकेक! उमरीचे शेषेराव म्हणजे ग्रुपमधलं सुप्रीम कोर्ट. ते लिहायचे, "आवाजाला हवा पाहिजे." कुणी लिहायचं, "पडदा बाजूला झाला." कुणी, "स्टेज भिंतीच्या पलीकडं जातंय." मी ऑफिसात बोनाफाइडच्या अर्जांखाली मोबाईल धरून हे वाचायचो आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. एकदा न राहवून मीही लिहिलं, "माझ्या मते तबल्याला अजून वजन हवं."

पाच मिनिटांनी शेषेरावांचं उत्तर आलं, "आपल्याकडं कोणता जोड आहे?"

आमच्याकडं मिक्सरवर फुकट मिळालेला कांद्याएवढा स्पीकर होता. मी नमस्काराचे हात जोडले. पण ते मनाला लागलं हो! अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, साहेबांची मतं टाइप केली, घरात बायकोची मतं ऐकली. आता एका गोष्टीत तरी माझं स्वतःचं मत असावं आणि ते चार माणसांनी ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मालक व्हायला पाहिजे होतं.

सौदामिनीपुढं विषय काढला. सौदामिनी म्हणजे आमची ही. लातूरजवळच्या मुरूडच्या शाळेत शिक्षिका आहे, रोज एसटीनं जाऊन-येऊन करते.

"भिंत सोडून चार फूट?" ती म्हणाली. "अन् पाण्याचे ड्रम कुठं ठेवू? तुमच्या डोक्यावर? नळ दहा दिवसाला येऊन राहिलाय, अन् यांना हॉलमध्ये दारं उभी करायचीत!"

विषय तिथंच बुडाला (ड्रममध्येच म्हणा).

पण महिनाभरानं ग्रुपवर उदगीरच्या महादेवप्पांचा मेसेज आला. "माझा जोड द्यायचा आहे. किमतीचं विचारू नका. ज्याला हवा त्यानं जोडप्यानं यावं, ऐकावं. मग मी ठरवीन."

जोडप्यानं! सत्यनारायणाला बसायचं असल्यासारखं. मी सौदामिनीची दोन दिवस मनधरणी केली. शेवटी पुढचे सहा नळ मी एकट्यानं भरायचे, या बोलीवर ती तयार झाली.

रविवारी सकाळच्या गाडीनं निघालो. मी तयारीनिशी होतो. ग्रुपमधली निवडक मतं कागदावर उतरवून घेतली होती आणि बसमध्ये डोळे मिटून घोकत होतो, "आवाजाला हवा आहे. स्टेज रुंद आहे. पडदा बाजूला झाला..."

"हे काय पाठ करून राहिलात?" सौदामिनीनं कोपरानं ढोसलं. "सातवीची पोरं बरी तुमच्यापेक्षा. निदान अर्थ तरी विचारतात."

"तू तिथं फक्त गप्प बस," मी म्हणालो. "तांत्रिक बाबी माझ्यावर सोड."

महादेवप्पा म्हणजे उदगीरच्या मोंढ्यातले, धान्यबाजारातले जुने आडते. सत्तरी ओलांडलेले, पांढरी टोपी, कानात मशीन. "बर्री, बर्री! या, बसा," म्हणत त्यांनी आम्हाला माडीवर नेलं. त्यांच्या पत्नी शिवकांताबाईंनी मुरमुऱ्यांचा सुशीला आणला, वर भरपूर शेंगदाण्याचा कूट. समोर तो जोड उभा. भुजंगच्या जोडापेक्षा हातभर उंच, शिसवी चौकटी, इतक्या पुसलेल्या की मला माझं पोट त्यात दिसलं. बघूनच मी हात जोडले.

महादेवप्पांनी गाणं लावलं आणि ते स्पीकरकडं नाही, आमच्या तोंडाकडं बघत बसले.

मी डोळे मिटले. मान डोलवायला सुरुवात केली. मांडीवर ताल धरला (कोणता ते देवाला ठाऊक). थोड्या वेळानं "अहाहा!" म्हणालो. दुसऱ्याच्या घरी जाऊन कशालाही नावं ठेवायची नाहीत, आळणी भाजीलाही 'फक्कड झालीय' म्हणायचं, हे आमच्याकडं लहानपणापासून अंगात मुरलेलं. इथं तर जोड पदरात पाडून घ्यायचा होता.

"कसं वाटलं?" महादेवप्पांनी विचारलं.

"काय सांगू अप्पा! आवाजाला हवा आहे. स्टेज तर इतकं रुंद आहे, इतकं रुंद आहे, की पार उदगीरच्या किल्ल्यापर्यंत गेलंय! पडदा बाजूला झाला. तबल्याचं वजन..." मी कागदावरचं एकही मत शिल्लक ठेवलं नाही.

महादेवप्पांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ते सौदामिनीकडं वळले. "अक्का, तुम्हाला?"

"तिला यातलं काही कळत नाही हो," मी घाईघाईनं म्हणालो.

"मला यातलं काही कळत न्हाई, खरंय," सौदामिनी सुशीलाची बशी खाली ठेवत म्हणाली. "पण गाणारी बाई हाय कुठं?"

मी स्पीकरकडं बोट दाखवलं. "अगं, समोर!"

"समोर कुठं? माझ्या वर्गात साठ पोरं पाढे म्हणतात. कोण नुसतं तोंड हलवून राहिलंय, ते मला फळ्याकडं तोंड केलं तरी कळतं. इथं दोन स्पीकर असून एका बाईचा पत्ता लागंना. एकदा वाटतं खिडकीबाहेर हाय, एकदा वाटतं शेजाऱ्याच्या घरात. हे एक पुढं लोटतंय अन् ते एक मागं ओढतंय, असं झालंय."

झालं! माझा जोड गेला, माझं मत गेलं, वर सहा नळ गळ्यात पडले. मी उठून महादेवप्पांचे पायच धरायला निघालो. "अप्पा, माफ करा, ती जरा फटकळ आहे, शाळेत सतत ओरडून..."

महादेवप्पांनी मला हातानं बाजूला केलं. त्यांचे डोळे भरून आले होते. ते डाव्या स्पीकरच्या मागं वाकले, तिथली लाल आणि काळी तार काढून अदलाबदल केली आणि हात पुसून पुन्हा गाणं लावलं.

अहो, काय सांगू! ती बाई आली. दोन्ही चौकटींच्या बरोबर मधे, जमिनीपासून पाच फुटांवर तिचा गळा. सूर असा सरळ छातीत शिरला की मला घोकलेलं एक अक्षर आठवेना. सौदामिनीनं पदर सावरला आणि ती पुढं सरकून बसली. मी काहीतरी बोलायला गेलो, तर तिनं वर्गातल्यासारखं बोट वर केलं. गाणं संपेपर्यंत ते बोट तसंच होतं.

"ग्रुपवर लिहायच्या आधीच तीन महिन्यांत नऊ जोडपी येऊन गेली," महादेवप्पा म्हणाले. "मी मुद्दाम एका स्पीकरच्या तारा उलट्या लावून ठेवायचो. सगळे वा वा करून गेले. शिकलेले, मशिनरीतले! भजनात मला आता टाळ दिसतो, पण ऐकू येत न्हाई. तंबोरा तर दोन वर्षं झाली, ऐकलाच न्हाई. हे दोन जीव माझ्यापुढं गात राहतात अन् मी नुसता बघत बसतो. म्हटलं, कान असलेल्या घरी गेले तर मला सुखानं झोप लागंल. अक्का, जोड तुमचा."

"आमचा?" मी पुढं सरसावलो.

"अक्कांचा," महादेवप्पांनी दुरुस्ती केली. किमतीचं त्या दोघांनी खिडकीपाशी उभं राहून ठरवलं. मला अजून कुणी आकडा सांगितलेला नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला लाजही वाटत होती आणि बायकोचा असा काही अभिमान वाटत होता की, जिना उतरताना मी तिची पर्ससुद्धा स्वतःच्या खांद्याला लावली.

जोड टेम्पोतून गोधड्यांमध्ये गुंडाळून लातूरला आला. महादेवप्पा स्वतः मागच्या फळीवर बसून आले, दोन्ही चौकटी दोन्ही हातांनी धरून. आणि जी बाई चार फुटांसाठी माझ्या अंगावर धावून आली होती, तिनंच स्वतः ड्रम हलवले. थेट बेडरूममध्ये, माझ्या बाजूला. आता मी झोपतो तेव्हा उशाला चारशे लिटर पाणी असतं.

या जोडाची गोम अशी की, आवाज नीट जमून येतो तो एकाच जागी. वीतभर इकडं-तिकडं सरकलं की बाई पुसट होते. त्या जागी एक खुर्ची. खुर्चीवर कोण, हे सांगायला नको. पण हे रिबन जेवढं पुढं वाजतं, तेवढंच मागंही वाजतं. तेव्हा स्पीकर आणि भिंत यांच्यामधल्या त्या चार फुटांत मी गादी टाकली. शाळेतून आल्यावर ती पुढं बसते, मी मागं. मला गाणारी पाठमोरी ऐकू येते, पण ऐकू येते. त्या तासाभरात घरात कुणी कुणाला काही बोलत नाही, आणि लग्नानंतर एवढं सुख मला आठवत नाही.

राहिलं ते मत. मी भुजंगला फोन केला, "आता मला मालकांत घे."

"जोड कुणाच्या नावानं हाय?" त्यानं विचारलं आणि सौदामिनीला ग्रुपवर घेतलं.

मी तिच्यासाठी तीन परिच्छेदांचं मत लिहून दिलं, हवा आणि स्टेजसकट. तिनं ते वाचलं, दोन शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं सुधारून मला परत दिलं आणि स्वतःच लिहिलं, "आवाज चांगला आहे. गाणारी बाई मधोमध उभी राहते. तासभर ऐकलं की मुरूडच्या बसचा खडखडाट कानातून जातो."

ग्रुप हलला. सतरा अंगठे, फुलं, टाळ्या. खुद्द शेषेरावांनी लिहिलं, "ताई, इतकं नेमकं मत आजवर इथं कुणी मांडलं नाही. एक शंका. मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो, त्यानं आमच्याकडं सगळं गढूळ होतं. तुमच्याकडं कसं होत नाही? मागं काय ठेवलंय?"

सौदामिनीनं टाइप केलं, "मागं आमचे हे बसतात."

उमरीहून शेषेरावांनी चौकशी केली. "वजन?"

"ब्याण्णव किलो."

मी गादीवरून ओरडत होतो, "अगं, नव्वद लिही, नव्वद!" पण मेसेज गेला होता. लगेच शेषेरावांचा निकाल आला, "मग बरोबर. जाड आणि मऊ वस्तू मागं असली की आवाज शोषून घेते. आम्ही फोमवर एवढा खर्च केला, पण हा गुण आला नाही. ताई, आहेत तिथंच राहू द्या. अजिबात हलवू नका."

माझ्यावर त्या ग्रुपनं मांडलेलं ते पहिलं मत. त्याखाली पहिला अंगठा सौदामिनीचा होता.