वृश्चिक चालू ठेवा

घागकाकांना फोन लावला की आधी एक तान्हं बाळ खदखदून हसायचं. काका फोन उचलेपर्यंत ते हसतच राहायचं, आणि काका उचलायला भरपूर वेळ लावायचे, कारण वाजणारा फोन आपलाच आहे यावर त्यांचा चटकन विश्वास बसत नसे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचे वडील वारले तेव्हा ते कळवायला त्यांनी काकांना फोन केला, तर त्यांनाही आधी ते हसणं पूर्ण ऐकावं लागलं.

गंमत अशी, की अख्ख्या बिल्डिंगने ऐकलेलं हे हसू काकांनी स्वतः कधी ऐकलंच नव्हतं. आपल्याला फोन करणाऱ्याच्या कानात काय वाजतं ते आपल्याला कसं कळणार? एकदा मी माझ्या मोबाइलवरून त्यांचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाला धरला. ते डोळे मिटून नीट ऐकत राहिले आणि म्हणाले, "कोणाचं पोर हे? छातीत कफ दिसतोय."

ते पोर पहिला महिना फुकट म्हणून आलं होतं. एका दुपारी फोनवर कुणी बाई गोड आवाजात बोलल्या, काकांनी सांगितलेलं बटण दाबलं आणि झालं. फुकट म्हटलं की काकांचा हात पुढे जाणारच. "चाखून बघू, गिळायचं का ते मग ठरवू," हे त्यांचं कायमचं वाक्य.

मी लग्न होऊन भाईंदर पूर्वेला नवघरमध्ये राहायला आले ते काकांच्या समोरच्याच दारात. तेव्हा मोबाइल नुकते घरोघर यायला लागले होते, आणि बिल्डिंगच्या मागे अजून थोडी भातखाचरं शिल्लक होती. काका मूळचे रत्नागिरीकडचे. औषधांच्या कंपनीत पॅकिंग खात्यात जन्म काढून रिटायर झालेले. त्यांच्या कपाटात 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का मारलेल्या खोकल्याच्या बाटल्यांची आरास होती. कुणी जिन्यात खाकरलं तरी ते बाटली घेऊन बाहेर यायचे.

दारावर येणाऱ्या सेल्समन लोकांचे तर ते दैवत होते, निदान पहिल्या दिवशी. व्हॅक्यूम क्लीनरवाल्या मुलाला त्यांनी घरातल्या गाद्या, सोफा, माळा सगळं साफ करायला लावलं, मशीन आठवडाभर वापरायला ठेवून घेतलं, आमच्याही गाद्या झाडून दिल्या. आठव्या दिवशी मुलगा आला तेव्हा काकींनी त्याला चहा-पोहे दिले आणि काकांनी मशीन पुसून, वायर गुंडाळून त्याच्या हातात ठेवलं. "उत्तम आहे हो. पण आवाज करतं," म्हणाले. मुलगा हसत गेला. काकांचा व्यवहार असा सरळ होता. द्यायला माणूस येतो, न्यायलाही माणूस येतो, मधल्या दिवसांत वस्तू आपली.

मोबाइलने हा हिशेब बिघडवला. भाच्याने दिलेल्या त्या फोनवर रोज काही ना काही फुकट यायचं. आधी क्रिकेटचा स्कोअर आला. मग विनोद आले. ते काका जिन्यात उभे राहून मोठ्याने वाचायचे आणि शेवटची ओळ आधी वाचून टाकायचे. मग रोज एक इंग्रजी शब्द यायला लागला. ते दिवस आम्हाला सगळ्यांना जड गेले. दूधवाल्या भैयाला एका सकाळी त्यांनी सांगितलं, "तुम बहुत मॅग्नॅनिमस आदमी हो." भैयाने दुसऱ्या दिवशी दूध आणलं नाही. काकी त्याच्या तबेल्यावर जाऊन समजूत घालून आल्या.

प्रत्येक गोष्ट पहिला आठवडा नाहीतर पहिला महिना फुकट असायची. पुढचं मात्र कुणी बोलायचं नाही. काका रिचार्ज करायचे आणि कुणालाही फोन न करता बॅलन्स उतरत जायचा. त्यांना वाटलं फोन गळतो, टाकीसारखा. काही दिवस ते झोपताना तो बंद करून, पालथा घालून ठेवत होते. मग काकींवर संशय घेऊन झाला. काकी म्हणाल्या, "मला तुमच्या फोनचं कुलूप उघडता येत नाही आणि तुम्हालाही येत नाही, मग कोण बोलणार त्याच्यावर?"

शेवटी रिचार्जच्या दुकानवाल्याने उलगडा केला. "काका, आपने सब स्कीम चालू करके रखा है. फ्री खतम हुआ, अब पैसा कटता है." काका तिथेच स्टुलावर बसले. घरी आले ते थेट आमच्याकडे. पैसे गेले याचं त्यांना इतकं नव्हतं. "अगं माधुरी, पण विचारायला माणूस यायला नको?" ते मला म्हणाले. "बेल वाजवायची. घाग, आवडलं का, ठेवताय का, असं म्हणायचं. मी नको म्हटलं असतं, चहा पाजला असता."

एका रविवारी मी त्यांच्याकडे कस्टमर केअरला फोन लावून बसले. काका शेजारी ताठ बसले होते. मराठीसाठी तीन दाबा असं रेकॉर्डिंगमधली बाई म्हणाली, तेव्हा "हो ताई, दाबते हां ती," असं त्यांनी तिला अदबीने कळवलं. बऱ्याच वेळाने एक मुलगा लाइनवर आला आणि एकेक सर्व्हिस वाचायला लागला. मी काकांकडे बघायची, काका मान हलवायचे, मी बंद करा म्हणायची. बाळ गेलं, क्रिकेट गेलं, विनोद गेले, इंग्रजी गेलं.

"आणि रोजचं राशिभविष्य, वृश्चिक," मुलगा म्हणाला.

हे मला नवीन होतं. कारण काका भविष्याच्या विरुद्ध होते. पोपटवाल्याला त्यांनी एकदा गेटबाहेर काढलं होतं. शिवाय त्यांची स्वतःची रास सिंह आहे, हे ते चारचौघांत अधूनमधून ऐकवायचे. मी तेही बंद करा म्हणणार, तेवढ्यात काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"वृश्चिक चालू ठेवा म्हणावं," ते हळूच म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

काकी दारात कांदा चिरत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "ते नीताचं आहे," म्हणाल्या.

त्यांची मुलगी बाहेर असते एवढंच मला माहीत होतं. बाहेर म्हणजे मी दुबई-बिबई धरून चालले होते. नीता उत्तनला होती. भाईंदर पश्चिमेहून बसने तासाभरावर. तिथल्या मच्छीमारांच्या घरातल्या ख्रिश्चन मुलाशी तिने लग्न केलं, आणि ज्या काकांनी आयुष्यात कुणा सेल्समनला दारातून परत पाठवलं नव्हतं, त्यांनी मुलीला पाठवलं. त्याला चार वर्षं झाली होती. तिचं नाव घरात निघत नसे.

काकी मात्र महिन्यातून एकदा उत्तनला सुके बोंबील आणायला जायच्या. काकांनी त्यांना कधी अडवलं नाही, काही विचारलंही नाही. फक्त संध्याकाळी पिशवीत डोकावून म्हणायचे, "बोंबील बरे आहेत का? सुकलेले तर नाहीत ना फार?" काकी म्हणायच्या, "छान आहेत. मागच्यापेक्षा जरा भरलेत." मग काका नीट जेवायचे. सुक्या बोंबलांबद्दलचं हे बोलणं मी स्वतः ऐकलं होतं आणि काका आता पुरते गेले असं समजून सोडून दिलं होतं.

त्या वर्षी मे महिन्यात काकी भावाच्या मुलाच्या लग्नाला गावी गेल्या. मागे काका एकटेच. एका सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. दाढी अर्धी झालेली, हातात फोन. 'पाण्यापासून सावध राहा. आरोग्याकडे दुर्लक्ष नको,' असं वृश्चिकला आलं होतं. पाणी म्हणजे समुद्राचं की पिण्याचं, हे त्यांना कंपनीला विचारायचं होतं.

मी फोन लावून दिला. पलीकडच्या मुलीने समजुतीने सांगितलं, की हा मेसेज सगळ्याच वृश्चिकवाल्यांना जातो, काळजी करू नका. काका ते ऐकून जास्तच घाबरले. सगळ्यांनाच सावध केलंय म्हणजे मोठं काहीतरी असणार, असा त्यांनी अर्थ लावला. मग म्हणाले, "उत्तनची बस कुठून सुटते गं?"

मी सोबत गेले. काकांची राहिलेली अर्धी दाढी करायची राहूनच गेली होती. उत्तनला उतरल्यावर बांबूंवर टांगलेल्या बोंबलांच्या रांगांमधून आम्ही विचारत विचारत गेलो. घराच्या पडवीत एक म्हाताऱ्या बाई जाळ्याला गाठी मारत होत्या. त्यांनी आम्हाला निरखलं आणि आत हाक दिली, "नीते, कोन हाय बग."

नीता ओल्या हातांनी बाहेर आली. वडिलांना बघून तिचा चेहरा उतरलाच. "आई बरी आहे ना?" तिने विचारलं.

"बरी आहे. गावी गेलीय," काका म्हणाले. "मी सहज आलो."

म्हाताऱ्या बाई जाळं बाजूला ठेवून उठल्या, खुर्ची आणून ठेवली. काका बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "तुमच्याकडे पाणी कसं येतं?"

"एक दिवसाआड येतं, पप्पा."

"उकळून पीत जा."

"हो."

"आणि खोल पाण्यात जायचं नाही. त्यालाही सांग."

"अहो, त्याची होडी आहे," नीता म्हणाली, आणि तिला हसू आलं, आणि लगेच तिने ओला हात तोंडावर धरला. म्हाताऱ्या बाईंनी काकांच्या खांद्याला धरून त्यांना खुर्चीत बसवलं. "ब्यास, जेवूनच जायाचा," असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

जेवण झाल्यावर मी निघाले. काका थांबले. त्यांना जावई समुद्रावरून परत आलेला बघायचा होता, बोट किनाऱ्याला लागेपर्यंत ते हलणार नव्हते. नीता मला बसपर्यंत सोडायला आली. पप्पा आज कसे काय आले, हे तिला कळत नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. फुकटचा आठवडा, बंद केलेल्या सर्व्हिसेस, वृश्चिक.

ती चालता चालता थांबली.

"पण माझी रास मेष आहे," ती म्हणाली. "नीता नाव आत्याने रास न बघता हौसेने ठेवलं. पप्पांनी नावातल्या 'न'वरून वृश्चिक धरली असणार. आईला माहितीय की."

आणि आईने इतके दिवस ते सांगितलं नव्हतं. बस आली. मी चढले, खिडकीशी बसले. नीता खाली उभी होती, पदराच्या टोकाला हात पुसत.

"सांगू नका हं त्यांना," ती म्हणाली. "मी वृश्चिकच."