पाचानं वाळलेली झाडं

आमच्या ऑफिसात चहाला चांगला म्हणायची सोय नाही. कोणी म्हटलंच, तर कोपऱ्यातल्या टेबलावरून मगदूम मॅडम विचारतात, "किती कप पिऊन सांगताय?"

एकावरनं मत द्यायचं नाही, हा त्यांचा धर्म. माझ्या लग्नात आईनं हौसेनं विचारलं, "जोडा शोभतो न्हवं?" मॅडम म्हणाल्या, "एका दिवसावरनं काय सांगायचं काकू? धा वर्षं जाऊ द्यात की." आई अजून त्यांचं नाव काढत नाही. त्यांना स्वतःला आलेली स्थळंही अशीच गेली म्हणे. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहतात.

आमचं काम जंगलाच्या तब्येतीचं. पन्हाळ्याकडच्या रानात काही तुकडे आखलेत, तिथल्या प्रत्येक झाडाला नंबर आहे. वनमजूर वर्षातून एकदा झाडाखाली उभा राहून शेंडा बघतो आणि शेकडा किती पाला गळलाय ते कागदावर लिहितो. मी ते आकडे कॉम्प्युटरात भरतो. जंगल ठणठणीत की आजारी, हे त्यावरून मॅडम काढतात.

एकदा त्यांनी मला हाक मारली. "पाटील, हिकडं या. गेल्या साली धा, यंदा पंधरा. गेल्या साली वीस, यंदा पंचवीस. सगळीच झाडं पाचानं वाळली? ही काय पगारवाढ हाय व्हय?"

आकडे घरी बसून लिहिलेले, हे उघड होतं. तो तुकडा सिदूमामा नावाच्या म्हाताऱ्या वनमजुराकडे होता. तक्रार वर गेली की त्याचं काम जाणार. मॅडमनी तक्रारीचं पत्र टाईप केलं, पण सही केली नाही. "बघितल्याबिगर लिवायचं न्हाई," म्हणाल्या, आणि शनिवारी माझ्या गाडीवर मागं बसून रानात आल्या.

मामा आमची वाट बघत उभे होते. खोडावरून हात फिरवायचे आणि झाडाचा नंबर सांगायचे. एकही चुकला नाही. मॅडम एका अंजनाच्या झाडापाशी थांबल्या. शेंडा पार उघडा पडला होता आणि फांदीला टोपलीएवढं आग्या मोहोळ लोंबत होतं.

"मामा, वर काय दिसतंय?"

"पाला बरा हाय की, आक्का."

"आणि मोहोळ?"

"कंचं मोहोळ?"

मामा हळूच खाली बसले. "खालचं दिसतंय. वर समदं धुकं. दोन वर्सं झाली. सांगितलं तर घरला बसवत्याल. घरात कोण हाय माज्या? दिवसभर भिंतीसंगं बोलू व्हय?"

मॅडमनी त्यांना हात देऊन उठवलं.

सोमवारी त्यांनी त्या तुकड्याचे दोन्ही वर्षांचे आकडे लाल शाईनं खोडले. शेजारी लिहिलं, 'विश्वासार्ह नाहीत. फेरमोजणी मी स्वतः करीन.' टाईप केलेलं पत्र मात्र फाडलं. मग लागोपाठच्या रविवारी एकट्या रानात जाऊन त्यांनी सगळी झाडं पुन्हा बघितली. मामांना शहरात आणून मोतीबिंदूचं ऑपरेशन करवलं. डोळ्यांत थेंब घालायला घरी कोणी नाही, म्हणून आपल्याच फ्लॅटवर ठेवून घेतलं.

मॅडम रजेवर होत्या, म्हणून आठवड्यानं मी सहीसाठी कागद घेऊन त्यांच्या फ्लॅटवर गेलो. जिन्यातच मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. आत मामा काळा चष्मा लावून, एका गव्यानं आपल्याला झाडावर कसं चढवलं ते सांगत होते. हसत होत्या त्या मगदूम मॅडम. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

मला बघून त्या थांबल्या आणि स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "उद्या जातो म्हणत्यात. तुमी सांगा की, डॉक्टर अजून आठ दिवस थांबा म्हणालेत."

"म्हणालेत का?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "न्हाईत."

मी बाहेर येऊन मामांना तसं सांगितलं. त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं.

"डॉक्टरच म्हणत्यात म्हंजे ऱ्हायलाच पायजे," म्हणाले, आणि खुर्चीत नीट मागं टेकून बसले.